पाठवणी करणारा

दिवाळीच्या अंकात प्रेताचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. सणासुदीला मरणाचे नाव काढू नये, हे मलाही घरच्या वडीलधाऱ्यांनी शिकवले आहे. पण ज्या चित्रपटाने माझ्या मनात ठाण मांडले आहे, त्याचा विषयच तो, त्याला काय करणार? ‘ओकुरिबितो’ हे त्याचे नाव. पाठवणी करणारा माणूस, असा त्याचा अर्थ.

गंमत अशी की, या जपानी चित्रपटाचा धागा काशीपर्यंत जातो. मासाहिरो मोतोकी हा नट पूर्वी पोरींचा लाडका गायक होता. ऐन तारुण्यात तो हिंदुस्थानात हिंडायला आला आणि काशीच्या घाटावर जाऊन पोहोचला. एकीकडे चिता जळताहेत आणि चार पावलांवर बाजारगर्दी नेहमीसारखी चालू आहे! आपल्याला त्यात नवल वाटत नाही. तो मात्र हादरून गेला. परत गेल्यावर त्याने मृत्यूविषयीची पुस्तकेच्या पुस्तके वाचली. त्यांत शिनमोन आओकी यांचे १९९३ साली निघालेले आत्मकथन होते. मृतदेह पुसून, सजवून शवपेटीत ठेवण्याचे काम आओकी यांनी वर्षानुवर्षे केले होते, आणि त्यापायी आप्तांची बोलणीही खाल्ली होती. या व्यवसायावर चित्रपट व्हावा, हा ध्यास मोतोकीने घेतला. तो पुरा व्हायला बरीच वर्षे लागली.

कथा साधी आहे. तोक्योमधला वाद्यवृंद मोडतो आणि चेलो वाजवणारा दाइगो बेकार होतो. कर्जाने घेतलेले महागडे वाद्य विकून तो बायकोसह यामागाता प्रांतातल्या आपल्या गावी येतो. ‘प्रवासाला मदत’ अशी जाहिरात वाचून, प्रवासी कंपनी असेल अशा समजुतीने मुलाखतीला जातो. मालक शांतपणे सांगतो, छपाईची चूक झाली आहे. हा प्रवास शेवटचा! चित्रपटगृहात इथे हशा पिकतो, पण पुढे फार वेळ हसता येत नाही.

ते काम पडद्यावर एकदा पाहावेच. आप्त समोर बसलेले असतात. त्यांच्यादेखत मृताचे कपडे बदलायचे, अंग पुसायचे, पण अंगाचा तसूभर भागही उघडा पडू द्यायचा नाही. सारे काही वरच्या वस्त्राच्या आडून. मग दाढी, केस, ओठांना किंचित रंग. मोतोकीने हे काम प्रत्यक्ष करणाऱ्याकडून शिकून घेतले, आणि चेलोही. ते वाद्य मिठीत धरून वाजवायचे असते. तेच हात, तीच मिठी, हे आपल्या ध्यानात यावे म्हणून दिग्दर्शक योजिरो ताकिता कुठेही बोट दाखवीत नाहीत. जो हिसाइशी यांचे संगीतही तसेच अबोल. मालकाच्या भूमिकेतले त्सुतोमु यामाझाकी तर जवळजवळ काहीच करीत नाहीत, आणि तरी नजर त्यांच्यावरून हटत नाही.

एका घरी ही दोघे पाच मिनिटे उशिरा पोहोचतात. ‘मेलेल्यांवर जगणारे’ म्हणून नवरा त्यांना टाकून बोलतो. काम संपल्यावर तोच गृहस्थ मागून धावत येतो, वाळवलेली फळे हातात ठेवतो. बायको आजच्याइतकी सुंदर कधी दिसली नव्हती, म्हणतो. दाइगोच्या स्वतःच्या बायकोला मात्र हे काम कळते तेव्हा ती किंचाळते : मला हात लावू नका!

मृताला हात लावणाऱ्याचा विटाळ तिथेही आहे. म्हणूनच वितरक हा चित्रपट घ्यायला कचरत होते. २००८ साली माँट्रियलच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि लगेच सप्टेंबरमध्ये तो जपानात लागला. २००९ साली परभाषी चित्रपटाचे ऑस्कर त्याने पटकावले. आपल्याकडे त्या रात्री सारे ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या आठ पारितोषिकांत दंग होते!

एवढे होऊनही श्रेयनामावलीत आओकींचे नाव नाही. पटकथा कुंदो कोयामा यांची. तिच्यात मरणोत्तर श्रद्धेचा गाभा उरलेला नाही, शेवटही वेगळा, असे आओकींचे म्हणणे पडले आणि त्यांनी नाव देऊ दिले नाही. मला वाटते, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. बौद्ध श्रद्धेचे पुस्तक ते. चित्रपटवाल्यांनी त्यातून बापलेकाची गोष्ट काढली. ती मला शेवटी थोडी जास्तच जुळवून आणलेली वाटली, हेही सांगून टाकतो. पण डोळे पुसायचे काही राहिले नाहीत.

मी तो दुसऱ्यांदा घरी, आईबरोबर पाहिला. आमच्या जुन्या चाळीत तळमजल्यावर एक काका होते. कोणाकडे काही झाले की त्यांना हाक जाई. अपरात्री उठून बांबू, सुतळी, मडके आणीत, तिरडी बांधीत. माझ्या वडिलांची त्यांनीच बांधली. पुढे वर्षभराने ताईचे लग्न ठरले. निमंत्रणांची यादी मी माझ्या हाताने लिहिली, आणि काकांचे नाव तीत नव्हते. कोणी वगळा म्हटले नव्हते. कोणी घाला असेही म्हटले नाही.

चित्रपट संपला तरी आई पडद्याकडेच बघत होती. मग म्हणाली, “अरे, काकांची कोणी बांधली रे?”

आम्ही तोवर चाळ सोडली होती. मला ठाऊक नव्हते.