पंखालगतचा पातळ थर

हवेची श्यानता, म्हणजे तिच्या थरांचा एकमेकांवरून सरकण्याला होणारा विरोध, पाण्याच्या सुमारे पन्नासावा हिस्साच असल्यामुळे विमानाच्या पंखाचे गणित करताना ती वगळावी, असे सहज वाटते. परंतु अशा श्यानताहीन प्रवाहात समगतीने जाणाऱ्या वस्तूला मुळीच रोध होत नाही, असे द'अलेंबर यांच्या १७५२ मधील गणिताने दाखवले, आणि ते अनुभवाच्या सर्वस्वी विरुद्ध होते. हा पेच १९०४ मध्ये लुडविग प्रांटल यांनी सोडवला. पृष्ठभागाला टेकलेली हवा त्याला चिकटून राहते आणि तिच्यापासून मुक्त प्रवाहापर्यंत वेग ज्या पातळ थरात वाढत जातो, त्या सीमास्तरातच श्यानतेचा प्रभाव मुख्यतः एकवटतो. हा थर पृष्ठभागापासून सुटला की उत्थापन, म्हणजे विमानाला वर तोलून धरणारे बल, घटते आणि रोध वाढतो.

श्यान प्रवाहाची समीकरणे नाविये व स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडली होती. तथापि पंखासारख्या आकारासाठी त्यांचे सूत्ररूप उत्तर मिळत नसल्याने भोवतीचा अवकाश जाळीने असंख्य कोठ्यांत विभागला जातो आणि प्रत्येक कोठीत आत येणारे व बाहेर जाणारे वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांचा ताळेबंद संगणकाने मांडला जातो. सीमास्तरातील वेगाचा चढ नेमका टिपण्यासाठी प्रवासी विमानाच्या पंखालगतच्या कोठ्यांची जाडी मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकी ठेवावी लागते, तर दूरवरच्या कोठ्या कित्येक मीटरच्या चालतात. मात्र कोठी जितकी बारीक, तितका गणना ज्या टप्प्यांनी पुढे सरकते तो कालखंडही लहान घ्यावा लागतो, अन्यथा चुका वाढत जाऊन उत्तर कोसळते. कूरांट, फ्रीडरिख्स व लेवी यांनी १९२८ मध्ये सांगितलेल्या या अटीतून सुटण्यासाठी सर्व कोठ्यांची नवी मूल्ये एकत्रितपणे सोडवणाऱ्या अव्यक्त पद्धती वापरल्या जातात.

याहून अवघड प्रश्न संक्षोभाचा, म्हणजे प्रवाहातील अनियमित भोवऱ्यांच्या खळबळीचा, आहे, कारण सीमास्तरातील प्रत्येक सूक्ष्म भोवरा मोजायचा झाल्यास संपूर्ण विमानासाठी आजचे महासंगणकही अपुरे पडतात. म्हणून भोवऱ्यांचा सरासरी परिणाम १९९२ च्या स्पालार्ट-अल्मारास प्रतिमानासारख्या प्रतिमानांनी अंदाजला जातो. सीमास्तर पंखाला चिकटून असेपर्यंत ही प्रतिमाने चांगली साथ देतात. तो मोठ्या प्रमाणावर सुटला की त्यांचा भरवसा कमी होतो, आणि नेमक्या त्याच अवस्थेवर उड्डाणाची सुरक्षितता अवलंबून असते. त्यामुळे वातविवरातील, म्हणजे नियंत्रित वाऱ्याच्या बोगद्यातील, मोजमापांशी पडताळा घेणे अपरिहार्य ठरते. संगणक कितीही वेगवान असला, तरी जाळी कोठे दाट विणायची आणि मिळालेल्या उत्तरावर कोठवर विसंबायचे, हा निर्णय त्या पातळ थराचे भौतिकशास्त्र जाणणाऱ्या माणसालाच घ्यावा लागतो.