थोरला दवाखाना, एक स्वॅब आणि 48 तास

2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला आणि सगळा पश्चिम महाराष्ट्र हादरला. तेव्हा सीपीआरमध्ये, म्हणजे जुन्या कोल्हापूरकरांच्या थोरल्या दवाखान्यात, संशयिताच्या घशातला स्वॅब घ्यायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा आणि सव्वादोनशे किलोमीटरवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे धाडायचा, अशी रीत होती. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं, तर सर्वांत जास्त गुण देतं. त्यातला बराच वेळ रस्त्यातच जायचा. गंभीर रुग्णाला डॉक्टर अहवालाआधीच गोळी देतात. पण कुणाला वेगळं ठेवायचं आणि साथ कोणत्या विषाणूची, हे अहवालाशिवाय ठरत नाही.

जुनी पद्धत सावकाश होती. दहा-अकरा दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यात किंवा प्रयोगशाळेतल्या पेशींवर विषाणू वाढवायचा. मग तो तांबड्या रक्तपेशींना एकत्र चिकटवतो का आणि कोणत्या प्रतिद्रव्यानं ते चिकटणं थांबतं, यावरून त्याची जात ओळखायची. खात्रीची रीत, पण तिला आठवडाही लागे.

आरटी-पीसीआरनं हे काम काही तासांवर आणलं. स्वॅबमधला आरएनए वेगळा काढून त्याचा डीएनए करतात. यंत्र तो तापवतं, निववतं आणि प्रत्येक फेरीत दुप्पट करतं. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर होतात. नक्कल वाढली की रंगद्रव्य चमकतं. आधी कळतं, फ्लू ‘ए’ की ‘बी’. ‘ए’ असेल तर पुढचा प्रश्न: 2009 चा एच1एन1 की एच3एन2?

पंधरा मिनिटांची अँटीजेन पट्टी याहून झटपट, पण ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होता येत नाही; सहसा उपप्रकारही सांगत नाही. क्षयरोग तपासणीत रुळलेल्या कार्ट्रिज यंत्रांनी मधला मार्ग काढला आहे: पीसीआरचीच रीत, उत्तर तासाभरात.

कोरोनाच्या साथीत आरटी-पीसीआर कोल्हापुरातच होऊ लागली. पुण्याचं महत्त्व मात्र कमी झालं नाही. विषाणूच्या आठही जनुकखंडांचं वाचन करून त्यात काय बदललं हे तिथे पाहतात. जगभरातून जमलेल्या अशाच माहितीवर जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये लशीचे वाण सुचवते.

एवढ्या साऱ्याचा पाया मात्र एक साधा स्वॅब. तो नीट खोलवर फिरला नाही, डब्यातला बर्फ वितळला, तर उत्तम यंत्रालाही काही सापडत नाही. आणि ते 48 तास दवाखान्याच्या दारात सुरू होत नाहीत. घरी पहिली कणकण आली तेव्हाच सुरू झालेले असतात. चार दिवस ताप अंगावर काढून आलेल्या माणसाला तासाभराचा अहवालही ते परत देऊ शकत नाही.