कळी धरायला अंधार लागतो

आमच्या इमारतीतल्या ख्रिस्ती आंटी चार वर्षांपूर्वी जुहू सोडून वसईला राहायला गेल्या. निघताना त्यांनी ख्रिसमस कॅक्टसची कुंडी अम्मींच्या हातात दिली. "हिवाळ्यात गुलाबी फुलं येतात, जपा हं," म्हणाल्या. अम्मींनी शब्द दिला. पण दोन हिवाळे एकही कळी आली नाही. "लोकांची अमानत सांभाळता आली नाही," असे अम्मी म्हणू लागल्या, तेव्हा आम्हालाही चैन पडेना.

कॅक्टस म्हणजे वाळवंटातले झाड, या समजुतीने आम्ही कुंडी उन्हात ठेवली होती. कांडे लालसर पडून सुरकुतली. मग घाबरून रोज पाणी घातले, तर बुडखा कुजू लागला. खरे तर हा कॅक्टस ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोजवळच्या डोंगरी जंगलांतला. तिथे तो झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या फटींत, सावलीत वाढतो. आपल्याकडचे घरगुती ब्रह्मकमळही याच कुळातले. पानांसारखे दिसणारे त्याचे चपटे भाग म्हणजे कांडेच.

म्हणून त्याला कडक ऊन नको, उजेडाची सावली हवी. मातीत कोकोपीट आणि विटेचे बारीक तुकडे मिसळावेत, म्हणजे पाणी साचत नाही. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी घालावे. ताटलीत साचलेले ओतून टाकावे. पावसाळ्यात कुंडी सरींपासून आत घ्यावी.

एवढे केल्यावर झाड टवटवीत झाले, पण फूल नाहीच. कारण आमच्या गॅलरीतच होते. मुले तिथे अभ्यासाला बसत आणि ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत जळे. या झाडाला कळी धरायला थंडावा आणि बारा तासांहून मोठी, अखंड काळोखी रात्र लागते. मुंबईची डिसेंबरातली रात्र सुमारे तेरा तासांची असते. ती आम्हीच तोडत होतो. आंटींकडे हीच कुंडी मागच्या खिडकीत असे, जिथे दिवाच नव्हता!

रिओत हे झाड मे महिन्याच्या सुमारास फुलते, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला तेव्हा थंडीची चाहूल लागते. आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा त्याला मानवत नाही. म्हणून मागच्या वर्षी आम्ही नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरुवात केली. मगरिबची अजान झाली की अम्मी कुंडीवर पुठ्ठ्याचा मोठा खोका पालथा घालत आणि सूर्य वर आल्यावर काढत. सहा आठवडे त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

डिसेंबर सरता सरता कांड्यांच्या टोकांवर लालसर ठिपके दिसले. खोका बंद झाला. कळ्या आल्यावर कुंडीची जागा बदलू नये, माती पार कोरडीही पडू देऊ नये. नाहीतर कळ्या गळतात. नाताळ काही साधला नाही, पण जानेवारीच्या अखेरीस अकरा फुले उमलली. अम्मी शेजारीपाजारी सगळ्यांना बोलावून दाखवत होत्या.

फुले ओसरल्यावर तीन कांड्यांचा एक तुकडा हलकेच पिळून काढला, दोन दिवस सावलीत सुकवला आणि लहान कुंडीत लावला. पावसाळ्याआधी त्याने मूळ धरले. ईदच्या शिरखुर्म्यासाठी घरी आलेल्या आंटींच्या हातात अम्मींनी ती कुंडी ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या, तुमची अमानत."