छावणीतले संसार

हर्सूलकडून येऊन औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहराच्या पश्चिमेने वाहणाऱ्या खाम नदीपलीकडे छावणी आहे. निजाम आणि इंग्रज यांच्यातील 1853च्या तहानंतर तिथे हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या पलटणी असत. त्या काळी हिंदी फौजांत शिपायाला घर बांधून मिळत नसे. झोपडीसाठी थोडा भत्ता मिळे. मातीच्या भिंती आणि गवताचे छप्पर त्यालाच उभारावे लागे. पावसाळ्यात छप्पर गळे, भिंती खचत. पलटण हलली की झोपडी विकायची किंवा सोडायची आणि नव्या ठाण्यावर पुन्हा बांधायची. शिलेदार स्वाराला तर घोडाही पदरचाच लागे. गोऱ्या सैनिकांच्या बायकाही सुखात नव्हत्या. बराकीच्या कोपऱ्यात चादर टांगली की तेच त्यांचे घर. विवाहितांसाठी वेगळी घरे 19व्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत गेली.