वेगाच्या ई-चलानाविरुद्ध न्यायालयात स्वतः बाजू मांडायची असेल तर

तुमच्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली, असे सांगणारे ई-चलान मोबाइलवर आले आहे. रिक्षा, टेम्पो, टॅक्सी किंवा घरपोच सामान पोहोचवण्याच्या कामावर घर चालत असेल, तर हा दंड म्हणजे दोन-तीन दिवसांची कमाई. चलान बरोबर असेल तर ते मुदतीत भरून मोकळे होणे केव्हाही सोयीचे. पण त्या दिवशी तुमची गाडी तिथे नव्हतीच, फोटोतली गाडी दुसरीच आहे, किंवा तुमच्या वाहनाला चुकीची मर्यादा लावली आहे, असे असेल तर चलान मान्य करण्याची सक्ती नाही. तुम्ही त्यावर आक्षेप घेऊ शकता आणि प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गेले तर स्वतः उभे राहून बाजू मांडू शकता. त्यासाठी वकील असलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. दंड भरला की ते प्रकरण तिथेच मिटते. "आत्ता भरतो, नंतर भांडतो" असे करता येत नाही. त्यामुळे लढायचे की भरायचे, हे पैसे भरण्यापूर्वी ठरवा.

आणि त्याहीआधी चलान खरे आहे का, ते पाहा. चलानाच्या नावाखाली बनावट संदेश पाठवून लोकांची खाती रिकामी करण्याचे प्रकार होतात. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नका आणि संदेशासोबत आलेले कोणतेही ॲप उतरवून घेऊ नका. परिवहन विभागाच्या ई-चलान पोर्टलवर किंवा तुमच्या राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः जा आणि वाहन क्रमांक टाकून चलान शोधा. तिथे ते दिसले नाही, तर जवळच्या वाहतूक पोलीस कार्यालयात विचारा.

चलानात कोणते कलम लिहिले आहे?

वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ खाली होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या मोटार वाहनासाठी हा दंड १००० ते २००० रुपये आणि मध्यम व जड वाहनासाठी २००० ते ४००० रुपये आहे. या कलमात तुरुंगवास नाही. म्हणजे खटला हरलात तरी हलक्या वाहनाच्या चालकाला या कलमाखाली २००० रुपयांपेक्षा जास्त दंड होत नाही. मात्र चालकाने हाच गुन्हा पुन्हा केला तर, वाहन हलके असो वा जड, परवाना जप्त होऊ शकतो. ज्याचे पोट परवान्यावर आहे, त्याने ही बाब हलक्यात घेऊ नये.

चलानावर कलम १८४ असेल तर गोष्ट वेगळी आहे. ते धोकादायक रीतीने वाहन चालवण्याचे कलम आहे आणि त्यात पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अशा प्रकरणात एकट्याने उभे राहू नका. मोफत वकील कसा मिळतो, ते पुढे दिले आहे.

पुरावा तपासा

कॅमेरा किंवा वेगमापक यंत्राने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये नियम १६७-अ आला. त्यानुसार वापरातल्या यंत्राला राज्य शासनाच्या नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असावे लागते आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. ज्या पट्ट्यात यंत्र लावले आहे, त्याच्या आधी "इथे देखरेख आहे" अशी सूचना देणारे फलक ठळकपणे लावावे लागतात. नोटीस गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत पाठवायची असते. तिच्यासोबत नंबरप्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेल्या कलमाचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली दिले जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ त्यासाठी लागू आहे.

यातला एखादा कागद नाही म्हणून चलान आपोआप रद्द होत नाही. नोटीस विसाव्या दिवशी आली, एवढ्याच मुद्द्यावर भिस्त ठेवू नका. पण यंत्राचे प्रमाणपत्र त्या तारखेला चालू नव्हते, किंवा फोटोत नंबरच वाचता येत नाही, हे मुद्दे वजनदार आहेत, कारण तिथे मुळात वेग किंवा वाहनच सिद्ध होत नाही.

फोटो मोठा करून पाहा. गाडीचा रंग, बनावट, आरसे, टपावरचे कॅरिअर, मागचे स्टिकर तुमच्या गाडीशी जुळते का? नंबर तुमचा पण गाडी दुसरी असेल, तर कोणीतरी तुमच्या क्रमांकाची बनावट पाटी वापरत असण्याची शक्यता आहे. लगेच पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. त्या वेळी तुमची गाडी दुसरीकडे होती, हे दाखवणारे फास्टॅगचे तपशील, पेट्रोलची पावती, मालाची पावती किंवा कामाच्या ॲपवरील फेरीची नोंद जपून ठेवा.

पुढचा प्रश्न मर्यादेचा. वेगमर्यादा वाहनाच्या प्रकारानुसार आणि रस्त्यानुसार बदलते. कार, मालवाहू टेम्पो आणि तीनचाकी यांना एकच आकडा लागू नसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर सपाट भागातली मर्यादा वेगळी आणि घाटातली वेगळी. तुमच्या नोंदणी प्रमाणपत्रावर वाहनाचा जो वर्ग लिहिला आहे, त्याचीच मर्यादा चलानात धरली आहे का, ते जुळवून पाहा. कलम ११२ प्रमाणे राज्य शासनाने एखाद्या रस्त्यावर कमी मर्यादा ठरवली तर तसे फलक लावावे लागतात. फलक नसेल, झाडाआड गेला असेल किंवा वाचता येत नसेल, तर त्या रस्त्यावर जाऊन दिवसाउजेडी फोटो काढा. फोटो लवकर काढा, कारण महिन्याभरात तिथे नवा फलक उभा राहू शकतो.

काही मार्गांवर दोन कॅमेऱ्यांमधले अंतर आणि ते कापायला लागलेला वेळ यावरून सरासरी वेग काढतात. १० किलोमीटर ६ मिनिटांत कापले तर सरासरी ताशी १०० किलोमीटर होते. पण अंतर चुकून १२ किलोमीटर धरले गेले, तर तीच गाडी ताशी १२० ने गेल्याचे दिसेल. दोन्ही वेळा आणि अंतर चलानावर नसतील तर लेखी मागा.

यंत्र नव्हते, फक्त पोलिसाने पाहून अंदाज केला, असे असेल तर कलम १८३ चे पोटकलम (३) तुमच्या बाजूचे आहे. गाडी वेगात होती असे एकाच साक्षीदाराचे मत, तेही यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीशिवाय, एवढ्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही.

गाडी तुमच्या नावावर आहे पण चालवत दुसरा होता, तर पोलिसांनी विचारल्यावर चालकाचे नाव-पत्ता देणे ही मालकाची जबाबदारी आहे. उलट तुम्ही पगारी चालक असाल आणि मालकानेच वेगात पळवायला लावले असेल, तर कलम १८३ मध्ये अशा मालकालाही दंड आहे. गाडी विकून झाली पण नोंदणी अजून तुमच्याच नावावर असेल, तर चलान तुम्हालाच येणार. विक्रीचे कागद घेऊन आधी परिवहन कार्यालयातले नावबदलाचे काम पूर्ण करा.

आक्षेप कुठे घ्यायचा?

पहिली पायरी म्हणजे पोर्टलवरील तक्रार किंवा आक्षेपाची सोय. चलान क्रमांक, तुमचे म्हणणे आणि पुरावा तिथे टाका आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मुदत चलानावरच पाहा आणि ती चुकवू नका, कारण गप्प राहणे म्हणजे मान्य करणे असे धरले जाऊ शकते. आक्षेप फेटाळला तर पुढे जाण्यासाठी काही रक्कम जमा करावी लागते का, हेही निर्णयात आणि पोर्टलवर वाचा. नुसते दुर्लक्ष केल्यास गाडीच्या नोंदणीची कामे, नावबदल, परवान्याची कामे अडतात.

अनेक राज्यांत चलान व्हर्च्युअल कोर्टाकडे जाते. तिथे वाहन क्रमांकावरून प्रकरण सापडते आणि दंड भरण्याचा किंवा प्रकरण लढवण्याचा असे दोन पर्याय दिसतात. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. ते न्यायालय गुन्हा घडला त्या भागातले असते, तुमच्या गावचे नव्हे. चलान दोनशे किलोमीटरवरचे असेल तर येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडणारी रोजी हिशेबात धरा. समन्स आल्यावर ते नीट वाचा. त्यात टपालाने दंड पाठवून गुन्हा कबूल करण्याची सोय दिलेली असू शकते. लढायचे असेल तर ते पैसे पाठवू नका. तारीख ई-कोर्ट्स सेवेच्या ॲपवर सोळा अंकी सीएनआर क्रमांक टाकून पाहता येते.

चलान खूप जुने असेल तर आणखी एक मुद्दा पाहा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे, त्याची दखल घेण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे. उशिराचे कारण पटल्यास न्यायालय तो उशीर माफ करू शकते, तरीही हा मुद्दा लेखी मांडा.

तारखेच्या दिवशी

समन्स, चलान, नोंदणी प्रमाणपत्र, वाहन परवाना, फोटो आणि तुमचा अर्ज, सगळ्याच्या दोन-दोन प्रती घेऊन वेळेआधी पोहोचा. दारावर लावलेल्या यादीत आपला क्रमांक शोधा. आवारात "साहेब ओळखीचे आहेत, पाचशेत मिटवतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे कागद देऊ नका.

नाव पुकारल्यावर न्यायाधीश आरोप थोडक्यात सांगतील आणि विचारतील, "गुन्हा कबूल आहे का?" सगळ्या खटल्यात हा क्षण सर्वांत महत्त्वाचा. घाईत, गर्दीत, बुडणाऱ्या रोजीच्या चिंतेत बरेच जण "हो साहेब" म्हणून टाकतात आणि तिथेच दंड होतो. तुम्हाला लढायचे असेल तर एवढेच म्हणा, "साहेब, मला गुन्हा कबूल नाही. मला माझी बाजू मांडायची आहे." मग लांबलचक गोष्ट सांगू नका; त्याची वेळ नंतर येते. अर्ज द्या. तो असा लिहिता येईल:

"मी अमुक, वाहन क्रमांक अमुकचा मालक/चालक. चलान क्रमांक अमुक, दिनांक अमुक यातील आरोप मला मान्य नाही. माझी बाजू मांडण्यासाठी मला पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: मूळ फोटो, यंत्राच्या मोजणीची नोंद, त्या तारखेला चालू असलेले यंत्राचे मान्यता प्रमाणपत्र, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र आणि त्या ठिकाणी लागू वेगमर्यादेचा आदेश."

आरोप सिद्ध करण्याचे काम सरकार पक्षाचे आहे. पुढच्या तारखेला त्यांचा साक्षीदार येईल आणि तुम्हाला त्याला प्रश्न विचारता येतील. प्रश्न छोटे ठेवा: यंत्राचे प्रमाणपत्र कधीपर्यंत होते? फलक यंत्रापासून किती अंतरावर होता? फोटोतल्या गाडीचा रंग कोणता? साक्षीदाराशी वाद घालू नका. उत्तर नोंदवले गेले की पुढच्या प्रश्नाकडे वळा. त्यानंतर तुमचे म्हणणे आणि पुरावे. दरवेळी हजर राहणे शक्य नसेल तर हजेरीतून सूट मिळण्यासाठी आधी अर्ज करा. न सांगता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकते.

सुरत, हैदराबाद किंवा बंगळुरूला काम करणाऱ्या मराठी चालकांसाठी एक सांगणे: साक्ष तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत होत असेल, तर ती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगितली जावी, ही कायद्याचीच तरतूद आहे. "मला समजले नाही" म्हणायला संकोच करू नका.

मोफत वकील

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला, मुले, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. महिलांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे. न्यायालयाच्या आवारातल्या तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात जात प्रमाणपत्र किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन अर्ज करा, किंवा १५१०० या मदत क्रमांकावर फोन करा. खटला स्वतःच चालवायचा असला तरी अर्ज लिहून घेण्यासाठी आणि सल्ल्यासाठी हे कार्यालय उपयोगी पडते.

लोकअदालतीचा पर्यायही पुढे येईल. तिथे तडजोड होते. तुम्ही वेगात होता की नव्हता, याचा निवाडा होत नाही, आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही. चूक झाली होती आणि विषय संपवायचा आहे, त्यांच्यासाठी ती चांगली जागा आहे. गाडीच तुमची नव्हती, तर तिथे तडजोड कशाला करायची?

न्यायालयाने दोषी ठरवून दंड केला आणि निकाल पटला नाही, तर सत्र न्यायालयात ३० दिवसांच्या आत अपील करता येते. निर्दोष सुटलात तर नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत घ्या. काही दिवसांनी पोर्टलवर वाहन क्रमांक टाकून पाहा. चलान अजून बाकी दिसत असेल, तर त्या प्रतीसह वाहतूक पोलीस कार्यालयात आणि परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा.