औषध लागू पडते, पण वेळेवर घेतले तर!

कावीळ झाली की आपल्याकडे कुणी गळ्यात माळ घालते, कुणी झाडून घेते. महिन्याभरात डोळ्यांचा पिवळेपणा जातो आणि नाव माळेचे होते. ‘हिपॅटायटिस सी’ मात्र वेगळा आजार आहे. तो रक्तातून पसरतो. डोळे पिवळे न होताही तो वीस-वीस वर्षे दडून राहतो आणि यकृत कडक करून टाकतो. त्यालाच सिरोसिस म्हणतात.

या विषाणूचा शोध 1989 साली लागला. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभर घेऊनही जवळपास निम्मेच रुग्ण बरे होत. आता सोफोसबुविर व डक्लाटासविर या गोळ्या रोज, बारा आठवडे घेतल्या की शंभरातील नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत.

मग काहींना गुण का येत नाही?

पहिले कारण उशीर. सिरोसिस झाल्यावर वेलपाटासविरची गोळी द्यावी लागते. पोटात पाणी झाले असेल तर रिबाविरिन जोडावे लागते किंवा उपचार 24 आठवडे चालतो. भारतात विषाणूचा तिसरा प्रकार जास्त आढळतो. सिरोसिस असेल तर तो अधिक चिवट ठरतो.

दुसरे कारण इतर औषधे. टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन या गोळ्यांचा जोर कमी करतात. काही पित्ताच्या गोळ्या वेलपाटासविरला मारक ठरतात. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. ‘बी’ कावीळही आधी तपासावी, कारण दबलेली ‘बी’ या उपचारात उसळू शकते.

तिसरे कारण खंड. सोयाबीन निघाले की कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांनी गोळ्यांची सोय आधीच करावी. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नयेत. दारू तर यकृताची वैरीणच!

गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्त तपासावे. तेव्हा विषाणू सापडला नाही तरच रोग गेला असे समजावे. तरीही दुसऱ्याचे ब्लेड वा सुई वापरली तर तो पुन्हा होऊ शकतो.

एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही. म्हणून रुग्णाचे ताट वेगळे करू नका. वेगळ्या ताटाचे दुःख आपल्या आजा-पणजांनी पुरेसे भोगले आहे.

रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठेही राहत असा. पूर्वी रक्त चढवले असेल, गोंदवून घेतले असेल किंवा उकळून न घेतलेल्या सुईने इंजेक्शने घेतली असतील, तर वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करून एकदा तपासणी करून घ्या.