रस्त्यावर उतरणारं विमान

“ताई, पाणी भरून घ्या हं. पुढे लवकर काही मिळायचं नाही!” भावजयीने बजावलं तेव्हा मी हसलेच. रस्ता म्हटला की चहाची टपरी आलीच, अशी आपली समजूत! पण ऑस्ट्रेलियातल्या आयर हायवेने माझी ही समजूत पार पुसून टाकली.

पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन असा सुमारे १,६६० किलोमीटरचा हा रस्ता. सुरुवातीला किंबा, सेडुना अशी गव्हाच्या शेतीची गावं लागतात. मग येतं नलारबॉरचं पठार. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थच मुळी ‘एकही झाड नाही’! मेंढ्यांच्या अवाढव्य कुरणांत एखादंच घर. पुढे एक टप्पा तर १४६.६ किलोमीटर सरळसोट, एकसुद्धा वळण नाही.

मला मात्र लक्षात राहिले ते रस्त्यावरचे जाड पांढरे पट्टे. “हे काय रे?” मी भावाला विचारलं. “धावपट्टी!” कुणी अत्यवस्थ झालं, की वाहतूक थांबवायची आणि ‘फ्लाइंग डॉक्टर’चं विमान चक्क हायवेवर उतरवायचं!

ही विमानसेवा १९२८ साली जॉन फ्लिन या पाद्र्याने सुरू केली. पण ना वीज, ना फोन. डॉक्टरला हाक मारायची कशी? १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगरने पायडल मारून चालणारा वायरलेस तयार केला. घराघरातल्या बायका त्यावरून दुखणीखुपणी सांगू लागल्या. शिवाय गप्पांची वेळही ठरलेली! तिला नाव पडलं ‘गलाह सेशन’. गलाह म्हणजे तिथला कलकलाट करणारा काकाकुवा. पुढे अ‍ॅडलेड मीथके या शिक्षिकेच्या मनात आलं, याच वायरलेसवरून मुलांना शिकवलं तर? १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला अशी शाळा सुरूही झाली. दूरच्या वस्त्यांवर आजही औषधांची पेटी असते. प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर फोनवर नंबर सांगणार, घरची बाई ते औषध देणार. किती साधी युक्ती!

हे ऐकताना मला आठवत होती आमच्या कामातल्या पाड्यावरची एक बाळंतीण. भर पावसात झोळी करून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, पण बाळ वाटेतच गेलं. नंतर रस्त्यासाठी अर्ज घेऊन गेलो, तर एक साहेब म्हणाले, “अहो बाई, चाळीस घरांसाठी रस्ता?”

तो देश श्रीमंत आहे, मान्य. विमानं आपल्याला परवडायची नाहीत, हेही मान्य. पण तिथेही घरं मोजत बसले असते, तर त्या माळावर विमान कधी उतरलंच नसतं. शिवाय ही सेवा आजही काही अंशी लोकांच्या देणग्यांवर चालते.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही बायकांनी नवा अर्ज लिहिला. घरांचा आकडा या वेळी घातला नाही. पाड्यावर आत्ता किती जणी गरोदर आहेत, तेवढंच लिहिलं.